पाच मिनिटं, बरोबर

बाबा घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "घरात सेलवर चालणाऱ्या वस्तू किती?"

बाबा बँकेतले. प्रश्न कसलाही असो, उत्तर मोजूनच देणार. त्यांनी बोटांवर मोजलं. "टॉर्च एक, ट्रान्झिस्टर एक, भिंतीवरचं घड्याळ एक. तीन."

"घड्याळातला सेल कधी बदलला?"

बाबांना ते काही सांगता येईना. घरमालकांनी लाल पाठीची लांबट वही काढली, तीत 'घड्याळ: माहीत नाही' असं लिहिलं आणि म्हणाले, "वरचा मजला तुमचा. भाड्याचं आमच्या घरातल्यांशी बोला. ते माझं खातं नाही."

उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या मागच्या गल्लीतल्या त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. मी त्यांना काका म्हणायचे. गल्ली त्यांना 'बॅटरीवाले बाबूजी' म्हणायची. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं त्यांनी बॅटऱ्या सांभाळल्या होत्या. प्रत्येक केबिनमध्ये काचेच्या बरण्यांत ओळीनं उभ्या असलेल्या बॅटऱ्या, त्यांत पाणी घालायचं, व्होल्टेज मोजायचं, वहीत लिहायचं, पुढची केबिन. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, तेव्हा त्यांनी गल्लीतले सगळे सेल आपल्या अखत्यारीत घेतले.

दर एक तारखेला सकाळी ते वही काखेत मारून ओट्यावर बसत. त्यांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नसे, म्हणून आपण आपले सेल घेऊन खाली जायचं. मीटर त्यांच्याकडे होता, पण आधी जीभ. सेलच्या बुडाला तांब्याची बारीक तार लावायची, तारेचं दुसरं टोक आणि सेलची टोपी एकदम जिभेला टेकवायची, डोळे मिटायचे. "हा आंबट. महिनाभर जाईल." पुढचा. "हा फिका. काढून टाका." मग मीटर लावून खात्री करायची. मी नऊ वर्षांत जीभ आणि मीटर यांचं भांडण झालेलं पाहिलं नाही.

काकू दारातून म्हणायच्या, "आमटीत मीठ नसलं तर ह्यांना पत्ता लागत नाही. सेलमधलं बरोबर कळतं."

त्यांचा एक क्रम होता. पहिला संशय माणसावर, दुसरा सेलवर, तिसरा तारेवर. मशीनवर संशय सगळ्यात शेवटी, आणि पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्याच्याही नंतर. पेचकस देवघराच्या खालच्या खणात लाल फडक्यात गुंडाळलेला असे आणि तो काढायचा तर काकूंना सांगूनच काढायचा, असा त्यांनी स्वतःलाच नियम घातला होता. "हातात पेचकस असला की माणूस विचार करणं सोडतो," असं ते म्हणत.

कोपऱ्यावरचा शेववाला एकदा टेपरेकॉर्डर घेऊन आला.

"बाबूजी, चल नी रिया है."

"कब से?"

"कल से."

"कल क्या किया था?"

"कुछ नी किया, बाबूजी. कसम से."

"आदमी कुछ नहीं करता तो मशीन भी कुछ नहीं करती. सोच."

शेववाला अर्धा तास ओट्यावर बसून विचार करत होता. तिकडे त्याची कढई थंड झाली. शेवटी आठवलं, बायकोनं दिवाळीची साफसफाई म्हणून टेप पुसला होता आणि सेल काढून परत घातले होते. काकांनी झाकण उघडलं, चारांतला एक सेल उलटा बसला होता तो सुलटा केला आणि गाणं सुरू झालं. वहीत नोंद झाली: 'दोष: दिवाळी.' सेल उलटा आहे हे काकांना आल्या आल्या दिसलं नसेल असं मला वाटत नाही. पण माणसाला स्वतःचं स्वतः सापडल्याशिवाय ते हात लावत नसत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. नोकरीत असताना एका उन्हाळ्यात दूरच्या केबिनमधल्या बॅटरीचा काटा ठरल्या आकड्याच्या जरासा खाली आला. बरोबरचा सोबती म्हणाला, "पूर्ण लिहून टाक ना यार, कोण बघतंय?" काकांनी काटा होता तेवढंच लिहिलं. नियमाप्रमाणे मग भर दुपारी दोघांना रुळांच्या कडेनं पाण्याचे डबे वाहावे लागले. सोबती दोन वर्षं बोलला नाही. काकू ही गोष्ट रागानं सांगत, काका खुशीनं. "काट्यानं दाखवलं ते लिहिलं. काटा काय माझा नोकर आहे?"

आता माझी गोष्ट.

बाजार तेव्हा नुकता उघडला होता. फ्रीगंजच्या दुकानांतून परदेशी टेप, घड्याळं, खेळणी दिसायला लागली होती. मी तेवीस वर्षांची होते आणि सरकारी कचेरीतल्या स्टेनोच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली होते. तिसऱ्यांदा जागा निघाल्या आणि त्याच महिन्यात बाबांची अकोल्याला बदली झाली. जेवताना बाबांनी अट सांगितली. मी उठून हात धुतले आणि ती माझ्या वहीत लिहून घेतली, म्हणजे नंतर बदलायला नको. पास झाले तर उज्जैनलाच राहायचं, काकूंच्या नजरेखाली, वरच्याच एका खोलीत. नाही झाले तर सामानाबरोबर अकोला आणि आत्यानं सुचवलेली दोन स्थळं ओळीनं बघायची.

मला स्थळांचा राग नव्हता. ओळीचा होता.

परीक्षा हिंदी शॉर्टहँडची. मिनिटाला शंभर शब्द, पाच मिनिटांत पाचशे, आणि चुका पंचवीसच्या आत. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांनी स्वतःच्या आवाजात डिक्टेशनची कॅसेट भरून दिली. "आरंभ" म्हणून सुरुवात, "समाप्त" म्हणून शेवट, मधली पाच मिनिटं "महोदय, निवेदन है कि". ती ऐकायला मस्कतच्या आतेभावाकडून मी वॉकमन मागून घेतला. त्याच्याबरोबर दोन पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल आणि ते भरायचा चार्जर.

आठवड्यात चार्जर बिघडला. लाल दिवा लागायचा, पण सेल दोन मिनिटांत मान टाकायचे. मी त्याच दिवशी खाली जायला हवं होतं. गेले नाही, कारण काकांनी शेजारचा ट्रान्झिस्टर आठ दिवस 'निरीक्षणाखाली' ठेवलेला मी पाहिला होता आणि माझ्याकडे मोजून बत्तीस दिवस होते. मी साधे पेन्सिल सेल आणले. वॉकमन ते शेवेसारखे खायचा. मग मी जो उपाय त्या काळी घराघरांत चालायचा तो केला. संपलेले सेल उन्हात ठेवले.

उन्हात तापलेला सेल थोडा वेळ जिवंत होतो, हे खरंच आहे. काकांना हे अजिबात चालत नसे. "सेल म्हणजे पापड नव्हेत!" असं ते ओट्यावरून गल्लीला ओरडून सांगत. पण ते गच्चीवर येऊ शकत नव्हते, आणि गच्चीवर आईचे उडदाचे पापड वाळत होते. मी सहा सेल घेतले, तीन जोड्या केल्या, अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, कोणती जोडी कोणत्या दिवशी वाळायची याचं वेळापत्रक आखलं आणि पापडांच्या मधोमध, मलमलच्या फडक्याखाली, त्या मांडल्या. एक जोडी एका डिक्टेशनला पुरायची. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

चुकांची नोंद मी रोज ठेवत होते. पहिल्या दिवशी एकसष्ट. मग चोपन्न, सत्तेचाळीस, तेहतीस, एकवीस. विसाव्या दिवशी नऊ. बाबांनी माझी वही मागून घेऊन सगळे आकडे तपासले. आई खाली जाऊन काकूंना विचारून आली, की मी जेवायला कुणाकडे असेन. एवढंच खटकायचं की सरांचा आवाज जरा बसल्यासारखा येतो. मला वाटलं, कॅसेट भरताना त्यांना सर्दी झाली असेल. कॅसेटीतली सर्दी दिवसेंदिवस वाढत कशी जाते, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

परीक्षेला बारा दिवस असताना तिन्ही जोड्यांनी एकाच दुपारी दगा दिला. अर्ध्या वाक्यावर सर थांबले ते थांबलेच. मी वॉकमन, चार्जर आणि सेल घेऊन खाली गेले.

"केव्हापासून?" काकांनी विचारलं.

"आजपासून."

"आज काय केलं होतं?"

"काही नाही, काका."

त्यांनी अ जोडीतला एक सेल उचलला. तो गरम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तार लावली, डोळे मिटले, जिभेला टेकवला. मग सेल लांब धरून हळूच म्हणाले, "बेटा, याला हिंग लागलाय."

मी उरलेले सेल ओढणीनं पुसायला लागले.

"हिंग आणि मिरं." मग घराकडे तोंड करून, "अहो, ऐकलं का? ह्या पोरीनं सेल वाळत घातलेत!"

आतून काकू म्हणाल्या, "मग तळून बघा."

पुढचा तासभर माझी जबानी झाली. मी सगळं सांगितलं, बत्तीस दिवसांपासून आत्याच्या स्थळांपर्यंत. काका लिहून घेत होते. मग त्यांनी चार्जर हातात घेतला. दिवा लागत होता. "हा दिवा काय सांगतो?"

"चार्ज होतंय म्हणून."

"नाही. भिंतीतून लाइट आली, एवढंच सांगतो. चूल पेटली म्हणजे पोरं जेवली का?" त्यांनी चष्मा वर करून खाचेत पाहिलं. एका खाचेतली स्प्रिंग पांढरट हिरवी झाली होती आणि आत दबली होती, सेलपर्यंत पोचतच नव्हती. दोन्ही सेल एकाच माळेतले, एकाला मिळालं नाही की दुसऱ्यालाही नाही. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून लिंबाचा रस लावला, स्प्रिंग पुसली, कोरडी केली, मग शाळेच्या खोडरबरानं घासली. चिमट्यानं जराशी ओढून बाहेर आणली. हेच मी वीस दिवसांपूर्वी अर्ध्या तासात करून घेऊ शकले असते.

"दुपारी लाइट जाते, तेव्हा लावू नको. संध्याकाळी सहाला लाव, सकाळी आठला काढ. चौदा तास. आणि मग इथेच आण."

सकाळी आणले. ओट्यावर बसून बटण दाबलं आणि मी कानातलं काढून फेकलंच. सर धावत होते. आवाज बारीक, शब्दावर शब्द.

"काका, तुम्ही बिघडवलंत! हे पळतंय!"

काकांनी एक कान लावून ऐकलं. "पळत नाही. चालतंय. आजवर रांगत होतं."

"सरांचा आवाज असा नाहीये."

"असाच आहे. भाजीमंडीत रोज गिलक्यांवरून माझ्याशी वाद घालतो तो माणूस. आवाज चिमणीचा." मग रात्रभर विसावलेली माझी क जोडी त्यांनी वॉकमनमध्ये घातली. "आता हे ऐक. रेडा बोलतोय."

त्यांनी खिशातून रेल्वेच्या दिवसांचं घड्याळ काढलं. आरंभ. समाप्त. सेल कसेबसे शेवटपर्यंत पोचले. सहा मिनिटं दहा सेकंद.

हिशेब मीच मनात केला. मिनिटाला एक्याऐंशी शब्द. माझा वेग वाढला नव्हता, सरांचा उतरला होता. सेल जसजसे मरत गेले तसतशा माझ्या चुका कमी झाल्या. मी तारीख लिहिली, उतारा लिहिला, चुका लिहिल्या, जोडी लिहिली. घड्याळ एकदाही पाहिलं नाही, कारण कॅसेटवर लिहिलंच होतं: पाच मिनिटं.

त्याच जागी भरलेल्या सेलवर डिक्टेशन घेतलं. अठ्ठावन्न चुका.

मी रडले. काकांनी समजूत घातली नाही, त्यांना ती येत नव्हती. त्यांनी नोंद केली आणि वही माझ्यासमोर धरली. 'माणूस: दोषी. सेल: दोषी. तार: दोषी. मशीन: निर्दोष.' मग म्हणाले, "अकरा सकाळी आहेत. रोज आठला इथे यायचं. संध्याकाळी सेल मी लावेन. घड्याळही माझ्याकडे. तू पेन्सिल बघ, वेळ मी बघतो."

तशी ती शिकवणी सुरू झाली. रोज तोच ओटा, समोरून शेववाल्याच्या तेलाचा वास, काकांच्या हातात घड्याळ. "समाप्त" ऐकू आलं की मी मान वर करायची आणि ते काट्यावरची नजर न काढता म्हणायचे, "पाच मिनिटं. बरोबर." ते वाक्य मी रोज औषधासारखं घेतलं. जगात निदान एक आकडा आता खरा होता.

चुका मात्र कमी व्हायला तयार नव्हत्या. पंचावन्न, सत्तावन्न, एकोणपन्नास, बावन्न. मी जेवढी पुढे जायचे तेवढे सर पुढे पळायचे. आवाज तर इतका चिमणीसारखा झाला की मंडीत भाजीवाल्यांना तो ऐकू कसा येतो, असं वाटायचं. एकदा मला मेजावर लाल फडकं दिसलं. एकदा काकू चहा घेऊन आल्या आणि काकांना म्हणाल्या, "पोरीला कशाला छळताय?" काका म्हणाले, "मी कुठे? मशीन छळतंय."

परीक्षेच्या आदल्या सकाळी एकतीस चुका. हद्द पंचवीसची. वर आईनं ट्रंका काढल्या होत्या आणि माझे कपडे कोणत्या ट्रंकेत घालायचे ते अजून ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, नाही जमत."

"एकतीस ना? चालेल."

"पंचवीस लागतात!"

"उद्या नुसता आवाज ऐक. आकडे मोजू नको. तुला मोजायची सवय वाईट आहे," ज्याच्या हातात घड्याळ, वही आणि मीटर होता तो माणूस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी वाचायला सुरुवात केली आणि मी वाट बघत बसले. वाटलं, सुरुवातीला सवय व्हावी म्हणून हळू वाचताहेत, आता धावतील. ते धावलेच नाहीत. वाक्याच्या शेवटी मला श्वास घ्यायला वेळ मिळत होता. वरचा पंखा दिसत होता. शेजारच्या मुलीच्या पेन्सिलीचं टोक तुटलं, तिनं दुसरी घेतली, तेही मला दिसलं. माझा हात शब्दाच्या मागे धावत नव्हता, शब्दासाठी थांबत होता.

घरी आले तेव्हा काका ओट्यावर कुणाच्या तरी टॉर्चचा सेल चाखत होते. मी म्हटलं, "काका, फारच हळू वाचलं हो. परीक्षकांचेच सेल उतरले असावेत."

"असेल," ते म्हणाले आणि डोळे मिटून दुसरा सेल जिभेला लावला.

निकाल लागला. अकरा चुका. बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि आईला म्हणाले, "हिची ट्रंक राहू दे." अकोल्याच्या ट्रकमध्ये सगळं गेलं, माझी ट्रंक तेवढी वर राहिली. ट्रक वळेपर्यंत मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. परत आले तर काका ओट्यावर, मांडीवर लाल वही.

"बस," म्हणाले. वही उघडून माझ्याकडे सरकवली.

त्या अकरा सकाळींची नोंद होती. तारीख, चुका आणि शेवटी वेळ. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं सत्तावन्न सेकंद. मग चार पंचावन्न. चार बावन्न. रोज दोन-तीन सेकंदांनी कमी. शेवटच्या दिवशी चार पस्तीस. ज्या दिवशी माझ्या एकतीस चुका झाल्या होत्या, त्या दिवशी सर मिनिटाला एकशे नऊ शब्द वाचत होते. बाजूच्या रकान्यात काकांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता: 'मोटरच्या पाठीला वेगाचा बारीक स्क्रू. रोज केसभर फिरवला. पेचकस वापरला. घरात सांगितले. रोग्याला सांगितले नाही.'

मी वर पाहिलं. "म्हणजे काका, रोज 'पाच मिनिटं, बरोबर' म्हणायचात ते खोटं?"

"सेलनी तुझ्याकडून जेवढं चोरलं होतं, तेवढं परत करायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू मोजत बसली असतीस."

"खोटं बोललात."

"बोललो," काका म्हणाले. "लिहिलं नाही."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. काकांनी वही परत घेतली, कोरं पान उघडलं आणि त्यावर वर माझं नाव लिहिलं. बाबांचं नाही, माझं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "वरच्या खोलीत सेलवर चालणाऱ्या वस्तू किती?"

"वॉकमन एक, टॉर्च एक. दोन."

"टॉर्चमधले सेल कधी बदलले?"

मी पर्समधून माझी वही काढली आणि त्यांना तारीख सांगितली.